पुंगळीवरची रेघ

"वहिनी, रायफल माझी, खांदा माझा, मग बार उलटा माझ्याच डोळ्यात कसा आला गं?"

दिराच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. तो डोळा गेला, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. ती लग्न होऊन आली तेव्हा हा सात वर्षांचा, आईविना. तिनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं, आणि पुढे आपल्याच काडतुसांच्या कारखान्यात चिकटवून दिलं. ती काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या तपासायची. तो तयार काडतुसं झाडून बघायचा.

खाटेच्या कडेला टेकून तिनं सांगायला घेतलं. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला ती बावीस वर्षं असंच समजावून सांगत आली होती.

"चाप ओढलास की पिन काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर आपटते. टोपीत ठिणगी पडते, ती भोकातून आतल्या दारूला लागते. दारूचा डोळ्याचं पातं लवायच्या आत वायू होतो, आणि त्याला पळायला वाट हवी असते. पितळेची पुंगळी फुगून नळीला घट्ट बसते, मागची वाट बुजते. मग तो गोळीला पुढे ढकलतो."

"आणि पुंगळीच फाटली तर?"

"मागे येतो."

"म्हणजे फाटकी होती."

दहा दिवसांपूर्वी तिला एका ट्रेमधल्या पुंगळ्यांवर बुडापाशी केसासारखी रेघ दिसली होती. नखाला लागत होती. तिनं ट्रे बाजूला काढला. सुपरवायझर आला, भिंगातून बघितल्यासारखं केलं. "अहो बाई, घासल्याची रेघ आहे ती. तुम्हाला आरशातही तडाच दिसायचा! पुढचं काम खोळंबलंय, सही करा." ती दोनदा नाही म्हणाली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मग उद्यापासून घरी बसा. दीरही सोबतीला येईल." तिनं सही केली.

"मला दिसली होती रे ती रेघ," ती म्हणाली. "सही माझीच आहे."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. नर्स येऊन गेली तरी तो तसाच होता.

चौकशीत तिनं तारखेसकट सगळं सांगितलं. अधिकाऱ्यानं मान डोलावत लिहून घेतलं. महिन्यानं अहवाल घरी आला. रायफलीची नळी साफ नव्हती म्हणून अपघात झाला, असं त्यात होतं. तिच्या बोलण्याचा एक शब्द नव्हता. ती तडक अधिकाऱ्याकडे गेली.

"बाई, सही तुमची," तो हळू आवाजात म्हणाला. "उकरून काढाल, तर तुम्हीच अडकाल."

"आणि त्या ट्रेमधला बाकीचा माल?"

"तो केव्हाच रवाना झाला."

घरी येऊन तिनं अहवाल टेबलावर ठेवला.

"नळी मी रोज पुसायचो, वहिनी."

"माहीत आहे रे."

त्यानं तांब्या उचलला, पेल्यात ओतायला गेला. एका डोळ्याला अंतर कळलं नाही, धार बाहेर पडली. पाणी कागदाखाली पसरलं. तिचा हात पुढे गेला, तिनं तो मांडीवर घट्ट धरून ठेवला.

त्यानं बोटानं पेल्याची कड चाचपली, तांब्याचा काठ त्या कडेवर टेकवला आणि सावकाश पेला भरला. मग तो तिच्याकडे सरकवला.

"घे. सकाळपासून काही प्यायली नाहीस."