पस्तिशीचा घोळ

माझं तोंड फटकळ आहे, हे मोक्पोच्या मासळीबाजारात कुणालाही विचारा. पण त्या नोव्हेंबरात या तोंडानं नवऱ्याचा खेळच संपवायची वेळ आणली होती.

युरिमचे बाबा, म्हणजे आमचे हे, गँगनुंगच्या बेसबॉल संघात कॅचर. उकिडवं बसून दिवसभर चेंडू झेलायचे. गँगनुंग देशाच्या एका किनाऱ्याला, आमचं मोक्पो दुसऱ्या. आठवड्यात एक सोमवार सुट्टीचा, त्यातला अर्धा प्रवासात जायचा. पोरगी नऊ वर्षांची झाली, तरी बाप तिला टीव्हीवरच जास्त दिसायचा. यंदा करार संपत होता, आणि मोक्पोच्या संघाला एक मुरलेला कॅचर हवाच होता.

अडचण होती भरपाईची. करार संपून मोकळा झालेला खेळाडू घेतला, की त्याच्या जुन्या संघाला आपला एक खेळाडू द्यावा लागतो. आपले पंचवीस जण राखून ठेवायचे, उरलेल्यांतून जुना संघ हवा तो उचलतो. पण खेळाडू पस्तिशीचा असला आणि पहिल्यांदाच मोकळा होत असला, तर माणूस द्यावा लागत नाही, पैशांवर भागतं.

"मग अडलंय कुठं?" मी म्हणाले. "नववर्षाला पस्तीस झालात की! टाका मोकळं व्हायचा अर्ज."

"एकदा लीगच्या कचेरीत विचारून घेतो."

"आता स्वतःचं वयही कचेरीत विचारणार? कमाल आहे बाई तुमची!"

झालं! गँगनुंगनं देऊ केलेला एक वर्षाचा करार नाकारून यांनी अर्ज टाकला. यादी लागली, तर यांच्या नावापुढे 'ब' वर्ग. म्हणजे घेणाऱ्याला माणूस द्यावाच लागणार.

आमच्याकडे मूल जन्मतं तेच एक वर्षाचं, आणि एक जानेवारीला सगळा देश वर्षानं मोठा होतो. हे डिसेंबर सरता सरता जन्मले, त्यामुळे आठवडाभरात दोन वर्षांचे झाले. सरकारनं ती मोजणी बंद केली, तरी आमच्या जिभेवरून ती काही गेली नाही. लीगच्या कागदावर मात्र वय वाढदिवसानं मोजतात. तिथं हे तेहेतीसचे!

मोक्पोवाल्यांनी सरळ सांगितलं, "खेळाडू उत्तम आहात, पण तुमच्यासाठी आमचा पोरगा नाही घालवणार." बाकी कुणी फोनच केला नाही. डिसेंबर गेला. हे रोज पहाटे धक्क्यावर धावायचे, मग भिंतीवर चेंडू आपटून झेलत बसायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

"अहो, दोन शिव्या तरी द्या या मेलीला!"

"मलाच माझं वय माहीत नव्हतं. तुला कशाला देऊ?"

सराव शिबिरं सुरू व्हायला पंधरा दिवस राहिले होते. त्याआधी करार झाला नसता, तर यांचा खेळ तिथंच संपला असता.

"चला गँगनुंगला," मी म्हणाले.

"त्यांना नकार दिलाय. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"माझ्या तोंडानं चला."

संघाचे प्रमुख नामगुंग साहेब. मी दारातच वाकले. "साहेब, यांचा दोष नाही. माझीच अक्कल शेण खायला गेली होती." सगळा घोळ सांगितला, तर साहेब खो खो हसत सुटले.

"वहिनी, माझी बायको मला अजून एकसष्टचा म्हणते हो! मी एकोणसाठचा आहे." मग त्यांनी माझ्यादेखतच मोक्पोला फोन लावला. "तुमचा माणूस नको. याच्याशी करार आम्ही करतो आणि लगेच तुमच्याकडे बदली करतो. म्हणजे भरपाईचा प्रश्नच नाही. बदल्यात शाळकरी पोरांच्या निवडीतली तुमची शेवटच्या फेरीची पाळी आम्हाला द्या."

पलीकडून होकार आला. दरवर्षी सगळे संघ पाळीपाळीनं शाळा संपवलेली पोरं निवडतात; शेवटच्या फेरीला उरतात ती कुणालाच नको असलेली. मी रडायला हवं होतं, पण माझं डोकंच फिरलं.

"शेवटची फेरी? त्या फेरीतली पोरं दोन वर्षांत घरी बसतात! सोळा हंगाम यांनी गुडघे झिजवले, त्याची एवढीच किंमत?"

"अगं, गप!" हे पुटपुटले.

नामगुंग साहेब शांतपणे म्हणाले, "वहिनी, याला मी त्याच फेरीत उचललं होतं. सगळी खोली हसली होती मला. त्या एका पाळीतून मला सोळा हंगाम मिळाले. असा आणखी एक मिळाला, तर मला हवाय."

हे उभे राहिले, डोळे भरलेले, कमरेतून पार खाली वाकले.

"साहेब," ते म्हणाले, "तो पोरगा सापडला की मला फोन करा. गुडघे कसे जपायचे, ते मी त्याला शिकवेन."