पहिली, चौथी, दुसरी, तिसरी

धाकट्याचं वय त्रेपन्न. चष्म्यांचं दुकान स्वतःचं, गुडघे कुरकुरे आणि संगीताबद्दलची मतं सगळीच्या सगळी उसनी. तरी घरात तो अजून 'छोट्या'च होता. थोरल्या भावाच्या लेखी त्याची वाढ नवव्या वर्षीच खुंटली होती, कारण नवव्या वर्षी त्यानं थोरल्याच्या एका रेकॉर्डवर सुई आडवी ओढली होती. चर्र असा आवाज आला, आणि त्या दिवसापासून घरात कायदा लागू झाला: छोट्यानं हात लावायचा नाही. पुढं दोघांची लग्नं झाली, बाबा गेले, दोघांचे केस गेले. कायदा मात्र कुणी रद्द केला नाही.

थोरल्याकडे एकशे अठरा रेकॉर्डी होत्या आणि सगळ्या एकाच गोत्रातल्या. जुनं प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे विलायती बँडांची लांबलचक गाणी. धाकट्याला तोवर 'प्रोग्रेसिव्ह' म्हटलं की चष्म्याची काच आठवायची: वरून दूरचं दिसतं, खालून जवळचं दिसतं आणि मधल्या भागात चक्कर येते. दोन-चार रेकॉर्डी कानावर पडल्यावर त्याच्या लक्षात आलं, की नाव ठेवणाऱ्यानं काही चूक केलेली नाही.

थोरला नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झाला आणि मुलीच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला जायचं ठरलं. वहिनींनी एका वाक्यात निकाल दिला.

"दोन खोल्यांत तिघं मावणार नाहीत. मी, हे आणि त्या. कुणी जायचं ते ठरवा."

थोरल्यानं दोन दिवस विचार केला म्हणतात. वहिनी ते दोन दिवस अजून विसरलेल्या नाहीत.

रेकॉर्डी एकत्रच द्यायच्या, हे थोरल्यानं नक्की केलं होतं. दोघे उमेदवार होते. एक वहिनींचा भाऊ, कवळ्या बनवणारा, ज्याला धाकट्यानं 'विश्वकोश' असं नाव ठेवलं होतं. कुठला ढोलवाला कुठल्या महिन्यात बँड सोडून गेला आणि जाताना काय बोलला, हे त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं ठाऊक. रेकॉर्डी पुसायची त्याची तीन वेगवेगळी फडकी होती. दुसरा उमेदवार धाकटा. त्याच्याकडे एकच फडकं, आणि त्यानं तो गिऱ्हाइकांचे चष्मेही पुसायचा आणि घामही.

कोण लायक होतं ते धाकट्यालाही दिसत होतं. पण दिसणं आणि मान्य करणं यांत अंतर असतं. चष्मेवाल्याला हे कुणी सांगायला नको. त्याला खरं तर संगीत नकोच होतं. दादानं आपल्या हातानं, आपण होऊन, एखादी रेकॉर्ड त्याच्या हातात ठेवावी, एवढंच त्याला चव्वेचाळीस वर्षं हवं होतं. असं उघड बोलायची सोय नसल्यामुळं तो म्हणाला, "मलाही आवड आहे."

थोरल्यानं त्याच्याकडे चुकलेल्या गणितासारखं पाहिलं.

"छोट्या, तुला यातलं काय आवडतं?"

"एकूणच."

"बरं. एक महिना घे." थोरल्यानं पिशवीत चार अल्बम घातले आणि जादाचा छोटा प्लेयर दिला. "ऐकून ये आणि मला एक मत सांग. एकच. पण तुझं. कव्हरवर छापलेलं नको, आणि माझ्या मेहुण्याकडून उसनं आणलेलं नको." मग काहीतरी आठवून त्यानं पिशवी परत घेतली, चारही अल्बममधली माहितीची पत्रकं काढली आणि खिशात घातली. "नाहीतर वाचून दाखवशील."

धाकट्याचा चेहरा पडला. त्याचा तोच बेत होता.

दुकानाच्या मागच्या खोलीत, काच घासायच्या यंत्राशेजारी, प्लेयर बसला. मतांसाठी धाकट्यानं चष्म्याच्या नंबरांच्या कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या. 'उजवा डोळा', 'डावा डोळा' अशा रकान्यांत त्यानं 'बाजू पहिली', 'बाजू दुसरी' असं मानून लिहायला सुरुवात केली.

पहिला अल्बम, कव्हरवर जिना गिळणारा मासा. मत: 'गाणं बावीस मिनिटं. यात दोन जोड काचा घासून झाल्या. गाणारा अजून यायचा आहे.'

दुसरा अल्बम, कव्हरवर काहीच नाही. मत: 'कव्हरवाल्यानं ऐकून मग काढलेलं दिसतं.'

तिसऱ्यात ढोलांचाच आठ मिनिटांचा कार्यक्रम होता. 'वरच्या मजल्यावर कपाट जोडत आहेत. एक फळी उरली आहे.'

ही मतं त्यानं मोठ्या हौसेनं बायकोला वाचून दाखवली. ती हसली, आणि हसून झाल्यावर म्हणाली, "ही मतं नाहीत. ही पळवाट आहे. सासऱ्यांच्या तेराव्यापर्यंत तुम्ही असेच विनोद करत होतात."

हे त्याला झोंबलं. खरं बोलायची या बाईला खोडच होती.

राहिला चौथा अल्बम. दोन रेकॉर्डींचा, कव्हरवर दीपगृह. एका रखवालदाराचं समुद्राशी पटत नाही, अशी काहीतरी त्याची गोष्ट आहे, एवढं शब्दांवरून कळत होतं. धाकट्यानं कव्हरच्या पहिल्या खिशातली रेकॉर्ड काढली, ऐकली, उलटली, ऐकली. मग दुसरी काढली, ऐकली, उलटली. यात कुठं काही चुकेल असं कुणाच्याही मनात येणार नाही. रेकॉर्डीच्या मधोमध बारीक अक्षरांत काही छापलेलं होतं, पण ते वाचायला जवळचा चष्मा लागला असता. धाकटा गिऱ्हाइकांना गेली दहा वर्षं सांगायचा की चाळिशीनंतर चष्म्याची लाज धरू नका. स्वतः मात्र हात लांब करून वाचायचा, आणि हात पुरला नाही की वाचायचाच नाही.

पहिल्या बाजूला रखवालदारानं दिवा लावला. उलटली, तर असं वादळ सुरू झालं की टेबलावरच्या काचा थरथरायला लागल्या. शेवटी शंभरेक माणसं एकदम ओरडली, भलीमोठी घंटा अकरा वेळा वाजली, आणि रखवालदार बुडाला. धाकट्याला वाटलं, झालं, संपलं. पण कव्हरात अजून एक रेकॉर्ड होती. मेलेल्या माणसाचं आता काय सांगणार म्हणून कुतूहलानं त्यानं ती लावली. तर तिच्यावर भांडण. रखवालदार समुद्राशी वाद घालतो आहे, क्षुल्लक गोष्टींवरून, अगदी किरकिऱ्या सुरांत. आणि शेवटच्या बाजूला फक्त एक गिटार. मधूनच वाजवणाऱ्याचा श्वास. कुणीतरी दिव्यात तेल घालत असावं असं काहीतरी, आणि मग तेही थांबतं. घंटा नाही, काही नाही.

धाकट्यानं यंत्र कधी बंद केलं होतं, ते त्याला आठवेना. यंत्रात अर्धवट घासलेली काच तशीच होती. त्या आठवड्यात त्यानं तो अल्बम चारदा ऐकला. चिठ्ठी कोरीच राहिली.

महिना भरला. रविवारी सकाळी थोरल्याच्या घरी खोकी बांधून तयार होती, फक्त मोठा प्लेयर आणि दोन खुर्च्या शिल्लक होत्या. विश्वकोश एका खोक्यावर पाय जुळवून बसला होता. त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं, तरी त्यानं बसल्या बसल्या दीपगृहाच्या अल्बमचं ध्वनिमुद्रण किती दिवस चाललं ते सांगून टाकलं.

"बोल, छोट्या," थोरला म्हणाला.

धाकट्यानं गावच्या सभेत भाषण करायला उभं राहिल्यासारखा घसा साफ केला. "बाकीच्या तिन्हींबद्दल मला मत नाही. विनोद आहेत, ते बायकोनं बाद केलेत. या दीपगृहाबद्दल सांगतो. या बँडवाल्यांचं सगळं काम घणाघाती असतं ना, शेवटी घंटा वाजवल्याशिवाय ही माणसं घरी जात नाहीत. पण इथं यांनी माणूस मध्यातच मारला. घंटा तिथंच वाजवून टाकली. मग पुढं दोन बाजू नुसतं मेल्यानंतरचं. आधी भांडण, फालतू गोष्टींवरून, आणि मग..." तो अडखळला. "बाबा गेले तेव्हा तसंच झालं होतं, दादा. रडणं वगैरे सगळं पहिल्या दिवशी झालं. नंतर दोन महिने आपण त्यांच्या छत्रीवरून भांडत होतो. तू घेतलीस की मी घेतली. आणि मग एक दिवस तू आलास, काही बोलला नाहीस, आमच्या दाराच्या बिजागरीला तेल घातलंस आणि गेलास. ती शेवटची बाजू म्हणजे ते आहे. माझं मत एवढंच."

मग विश्वकोशाच्या खोक्यावरून एक आवाज आला, बाटलीचं बूच निघावं तसा. तो हसू दाबत होता.

"अहो, माणूस मध्यात नाही मरत. शेवटी मरतो. घंटा चौथ्या बाजूला आहे!"

"दुसऱ्या," धाकटा म्हणाला. "मी उलटून पाहिलीय."

"उलटलीत म्हणूनच! पूर्वीच्या प्लेयरवर रेकॉर्डींची थप्पी लावायचे. एक संपली की दुसरी आपोआप खाली पडायची. मग सगळी थप्पी एकदम उलटी करायची. म्हणून एका रेकॉर्डीवर पहिली आणि चौथी बाजू, दुसरीवर दुसरी आणि तिसरी. मधोमध आकडा छापलेला असतो. तुम्ही तो... वाचला नाहीत?"

धाकट्याचे कान तापले. दुकानाच्या पाटीवर त्यानं स्वतः लिहून घेतलं होतं: 'बारीकसारीकही स्पष्ट दिसेल'. इतके दिवस तो ज्या कल्पनेवर फिदा होता, ती कुणाला सुचलेलीच नव्हती. बँडला नाही, लिहिणाऱ्याला नाही. ती एका चष्मेवाल्याच्या आळसातून जन्मली होती. उभ्या आयुष्यात स्वतःचं म्हणून एक मत झालं, तेही उलटं बसवलेलं.

"भाऊजी, चहा घ्या," वहिनी म्हणाल्या. घरात पातेलं एकच उरलं होतं, तरी त्यांनी चहा टाकला होता. कीव आली की त्या चहा करतात.

थोरल्यानं मात्र कप घेतला नाही. त्यानं धाकट्याच्या पिशवीतून दीपगृह काढलं आणि मोठ्या प्लेयरवर लावलं. पहिली बाजू. मग उलटली: चौथी. वादळ, घंटा, सगळं. विश्वकोश म्हणाला, "अहो, आता दुसरी..." थोरल्यानं हात वर केला. दुसरी. तिसरी. तासाहून जास्त वेळ कुणी जागचं हललं नाही. वहिनीसुद्धा पातेलं हातात घेऊन दारात उभ्या होत्या. शेवटचा श्वास झाला, सुई उचलली गेली. थोरला रिकाम्या भिंतीकडे बघत राहिला.

मग तो मेहुण्याकडे वळला. "रेकॉर्डी तू घेऊन जा. तू पुसशील, क्रमानं लावशील. तुझ्याकडे त्या नीट राहतील."

धाकट्यानं मान हलवली. न्याय बरोबर होता, आणि बरोबर न्यायाविरुद्ध अपील कुठं करणार? तो कप खाली ठेवून चपला शोधायला लागला.

"ही सोडून," थोरला म्हणाला. "ही मी पस्तीस-चाळीस वर्षं ऐकतोय. आता मला ती सरळ ऐकता यायची नाही. बिघडवलीस तू."

"दादा, मी मुद्दाम..."

"मुद्दाम करायची अक्कल असती तर काय हवं होतं. घेऊन जा ही. महिन्यातून एकदा येईन तुझ्या दुकानात. ते यंत्र तेवढं बंद ठेव."

"आणि तो छोटा प्लेयरही ठेवून घ्या," वहिनी घाईघाईनं म्हणाल्या. "परत आणलात तर दार उघडणार नाही."

विश्वकोशानं मनातल्या मनात एकशे अठरातून दोन वजा केल्या. चेहऱ्यावर ती वजाबाकी स्पष्ट दिसली, चष्म्याशिवाय.

थोरल्यानं खिशातून चार पत्रकं काढली. तीन मेहुण्याला दिली. चौथं, दीपगृहाचं, उघडून पाहिलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

"हे माझ्याकडेच राहू दे. तू वाचशील."

मग त्यानं प्लेयरवरची रेकॉर्ड उचलली आणि धाकट्यापुढं धरली. धाकट्यानं लगबगीनं पंजा पसरला, गिऱ्हाइकाच्या हातातून चष्मा घ्यावा तसा.

"कडेनं धर, छोट्या," थोरला म्हणाला. "कडेनं."

धाकट्यानं ती कडेनं धरली.