कॅप्टन पेटिंगिल यांची लेखनपेटी

मी एक जुनी लेखनपेटी आहे, मित्रांनो. माझ्या झाकणावर तळहाताएवढा शाईचा डाग आहे. तो पाहून नाक मुरडू नका. आधी तो कसा पडला ते ऐका.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या डोंगरांत, हार्लो गावात आल्वा पेटिंगिलच्या वडिलांनी मला परसातल्या चेरीच्या लाकडातून घडवलं. आल्वा शेतकरी होता. गावाने त्याला राज्याच्या विधानसभेत पाठवलं, तेव्हा मीही त्याच्या मांडीवर बसून राजधानीला गेले. नदीवरच्या पुलासाठीचं भाषण त्याने माझ्यावर सात वेळा लिहिलं. मतदानाला भराभर हात वर झाले, की मलाच उगीच मोठेपणा वाटायचा. ते दिवस आठवले की अजून भरून येतं.

मग उत्तर-दक्षिणेचं युद्ध पेटलं. आल्वाने चर्चच्या पायरीवरून भाषण केलं आणि सत्तर पोरं सैन्यात जायला उठली. रीतीप्रमाणे त्यांनीच हात वर करून त्याला कॅप्टन निवडलं. युद्धातलं त्याला त्यांच्याइतकंच कळत होतं.

निघायच्या दिवशी शेजारच्या क्रेनकाकू आल्या. त्या विधवा, आणि लायमन त्यांचा एकुलता एक.

"आल्वा, तुझ्या गोड बोलण्याला भुलून पोरगा निघालाय. काही बरंवाईट झालं तर मला वर्तमानपत्राच्या यादीत वाचायला लावू नकोस. तू स्वतः लिही. आणि भाषण नको, खरं लिही."

"लिहीन, काकू. शब्द देतो."

छावणीत सगळी पोरं माझ्यावरच घरची पत्रं लिहायची. लायमनने आईला कळवलं, 'आमचे कॅप्टन कॉफी किती कडक करायची यावरसुद्धा मत घेतात.' सगळे खो खो हसले.

एका सकाळी आमची तुकडी दगडी बांधाआड दबून बसली होती. शत्रूला त्यांचा पत्ता नव्हता. थांबायचं की ओढ्याकडे मागे सरकायचं? कॅप्टन सवयीने म्हणाला, "थांबायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

हात बांधाच्या वर गेले. पलीकडून गोळ्या आल्या. लायमन हात वर करताना उत्साहाने अर्धा उठलाच होता.

दुपारी आल्वाने मला मांडीवर घेतलं. 'शूरपणे लढताना' असं लिहिलं आणि फाडलं. तीनदा फाडलं. चौथ्यांदा खरं लिहायला घेतलं आणि हात इतका थरथरला, की दौत लवंडली. तरी त्याने पत्र पुरं केलं. 'हात वर करायला मी सांगितलं, काकू. चूक माझी.'

त्या पत्राला उत्तर आलं नाही.

युद्ध संपल्यावर मार्च महिन्यात गावसभा भरली. मी नेहमीसारखी आल्वाच्या मांडीवर होते. अध्यक्षांनी मतासाठी हात वर करायला सांगितलं. आल्वाचे हात माझ्या कडांवरून हलेनात. गाव बघत राहिलं. बायकांना मत नव्हतं. क्रेनकाकू मागे जेवणाची भांडी मांडत होत्या. त्या पुढे आल्या, मला त्याच्या मांडीवरून उचललं आणि मेजावर ठेवलं.

"चिठ्ठ्या टाका हिच्यात. त्याला हात वर करायला लावू नका." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "मी माफ केलेलं नाही, आल्वा. पण तू खरं लिहिलंस."

आल्वा पुन्हा कधी निवडणुकीला उभा राहिला नाही. गावाची मतं मात्र कितीतरी वर्षं माझ्यातच पडली. काकूंनी ते पत्र माझ्या तळाच्या कप्प्यात ठेवलं, ते अजून तिथेच आहे.

आता मी गावाच्या कचेरीत फळीवर धूळ खात असते. मित्रांनो, मला पुसा, बिजागऱ्यांना तेल घाला. पण चकचकीत करायच्या नादात तो डाग घासू नका. माझ्यावर भाषणं पुष्कळ लिहिली गेली. खरं लिहिताना हात थरथरला, तो एकदाच.