शिंप्याची लाल गाडी आणि पट्ट्याची मजुरी

ही गोष्ट कुणालाही पटायची नाही. आणि ज्याला पटेल त्यानं स्वतःचं डोकं तपासून घ्यावं.

एका शिंप्यानं जुनी स्पोर्ट्स कार घेतली. किंमत दोन नव्या शिलाई मशीनएवढी! लालभडक, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. बघायला गेला तेव्हा त्यानं इंजिन उघडायलाच सांगितलं नाही. गळ्यातली टेप काढली आणि सीटवरची शिवण मोजली. एक टाका इकडचा तिकडे नव्हता. त्याच्या अंगावर काटा आला. “जिची शिवण अशी, तिचं इंजिन कसं असेल!” एवढ्या पुराव्यावर त्यानं पैसे मोजले.

बायकोनं गाडीभोवती चक्कर मारली. मग म्हणाली, “देखणी आहे. विकत घेतलीत ती तुमच्या साठवणीतून. पण हिला पोसायला घरखर्चाला हात लावलात, की त्याच दिवशी ही विकायची. कबूल?”

“कबूल,” शिंपी म्हणाला. तो दिव्यावरची धूळ फुंकत होता.

टायर झाले, ब्रेक झाले, साठवण संपली. तेवढ्यात थोरल्या बहिणीचे यजमान आले. पेशानं मेकॅनिक. ते गाडीखाली सरपटत गेले आणि तिथूनच बोलले, “इंजिनाचा पट्टा बदलावा लागेल.”

“पण दाजी, मी हिला चालवतो कुठे? नुसती पुसतो!”

“उभ्या गाडीचाही पट्टा सुकतो, मेहुणे. पट्टा स्वस्त आहे हो. पण तिथं हात पोचायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं. त्याची मजुरी सांगतो, आधी खाली बसा.”

दाजींच्या गॅरेजात इंजिन लाकडी ठोकळ्यांवर उतरलं आणि शिंपी त्यावर वाकला. एकेक नळी कोटाच्या कॉलरसारखी अलगद वळलेली.

“दाजी, कुणाला दिसत नसताना इतकं सुंदर कशाला केलं असेल?”

दाजींनी पाना खाली ठेवला. एका नळीवरून बोट फिरवलं. “खरं तर हे उघडायला मिळालं म्हणून मीच तुम्हाला पैसे द्यायला हवेत,” ते हळूच म्हणाले. “देणार नाही, ती गोष्ट वेगळी.”

आता मजुरी आणायची कुठून? एका जादूगाराचा सतरा चोरखिशांचा कोट शिवून तयार होता. दुपारच्या खेळाआधी पलीकडच्या शहरात पोचवला, तर तो दुप्पट शिलाई देणार होता. नाही पोचला, तर घरखर्चाला हात लागणार आणि गाडी गेलीच म्हणून समजा. आणि नेमकी बस चुकली!

शिंपी गॅरेजात धावला, कोट शेजारच्या सीटवर नीट बसवला आणि किल्ली फिरवली. काय ती गर्जना! रस्त्याकडेच्या झाडांनी अंग चोरलं. हवालदारानं अडवायला उचललेला हात सलाम ठोकूनच खाली आला. गाडी शहरात पोचली तेव्हा तिची सावली अर्ध्या वाटेवर धापा टाकत होती, आणि जादूगार—

“ओ, थांबा थांबा!” माझी गोष्ट ऐकणाऱ्यांतला न्हावी ओरडला. “इंजिन अजून ठोकळ्यांवरच आहे की!”