खिडकीकडचा गाल

मशीनमावशी जन्मली ती ताईच्या पाठोपाठ, दहा मिनिटांनी. जुळ्याच त्या, पण दहा मिनिटांचा तो मोठेपणा ताईने जन्मभर मिरवला. आणि आता साठी आली तशी ताई ग्रंथपाल होती त्या वाचनालयाच्या नव्या रखवालदाराने आत जाऊन ताईला सांगितलं, की तुमच्या मोठ्या बहीण भेटायला आल्यात. ताई खो खो हसली. मावशीच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

घरी येऊन तिने आरसा उजेडात धरला. पाहते तर काय, डावा गाल थेट ताईसारखा आणि उजवा सुरकुतलेला, तपकिरी डागांचा. शाळा सोडली तेव्हापासून ती उजवा गाल खिडकीकडे करूनच शिलाई मशीनवर बसत आली होती, त्यावरूनच तर तिला मशीनमावशी म्हणत. पण खिडकीला चांगली जाड काच आहे, ऊन लागेलच कसं, असं म्हणून तिने तो विचार झटकून टाकला.

साठाव्या वाढदिवसाला दोघींचा बागेत जोडीने फोटो काढायचा, असा घाट ताईने घातला होता. हातात तीन आठवडे होते. मावशीने ठरवून टाकलं, गाल सुधारला तर फोटोला बसायचं, नाहीतर ताप आला म्हणून सांगायचं.

ताईच्या लेकीने मावशीला सुरकुत्यांवर रात्री लावायचं क्रीम आणून दिलं. वाटाण्याएवढंच घे, सगळ्या चेहऱ्याला लाव आणि तेही एक दिवसाआड, असं तीनतीनदा बजावलं. पण मावशी पडली हाडाची शिंपीण. कापड विरतं तिथे ठिगळ लावायचं, धड भागावर कशाला वाया घालवायचं? शिवाय वाटाण्याने काय होणार, डोंबल! तिने रोज रात्री बोटभर क्रीम नुसतं उजव्या गालावर थापलं आणि सकाळी तोच गाल घेऊन पुन्हा खिडकीत बसली. आठवड्याभरात गाल लालबुंद होऊन सालपटं निघू लागली. करायला गेली काय नि उलटे झाले पाय.

त्वचेची डॉक्टर पोरसवदा होती, पण खमकी. तिने सांगितलं, की काचेमुळे चटका बसत नाही एवढंच, सुरकुत्या पाडणारे किरण आरपार येतात. ते क्रीम तूर्त बंद, पुढे गाल शांत झाल्यावर हळूहळू बघू. आता सौम्य फेसवॉश, लगेच मॉइश्चरायझर, आणि सकाळी सनस्क्रीन. तेही दोन्ही गालांना, मानेला, हातांना, आणि दुपारी पुन्हा एकदा.

"मग गाल पहिल्यासारखा होईल?" मावशीने विचारलं.

"पहिल्यासारखा नाही. डाग हळूहळू फिकट होतील. पण यापुढे किती बिघडू द्यायचा, ते बरंचसं तुमच्या हातात आहे."

मावशीने घरी येऊन मशीन उलटं फिरवलं. मग तिच्या ध्यानात आलं, की आता डावा गाल पिकेल. पुटपुटत तिने ते पुन्हा सरळ केलं आणि खिडकीला पांढरा पडदा शिवून लावला.

फोटोच्या दिवशी लाली गेली होती, सुरकुत्या होत्या तिथेच होत्या. मावशीने फोन करून ताप आल्याचं कळवलं. अर्ध्या तासात ताई दारात हजर. कपाळाला हात लावला, तर कपाळ गार. मग मावशीला रडू फुटलं आणि रखवालदारापासून सगळं तिने सांगून टाकलं.

ताई या वेळी हसली नाही. तिने तो उजवा गाल तळहातात धरला.

"तू शाळा सोडून या खिडकीत बसलीस, म्हणून मी शिकले. त्या दिवशी हसले ते चुकलंच माझं. माझी ती दहा मिनिटं आजपासून तुझी. मोठी तू."

मावशीने पदराने डोळे पुसले, चेहरा धुतला. मॉइश्चरायझर झालं, सनस्क्रीन झालं, दोन्ही गालांना, मानेला, हातांना. मग ट्यूब ताईपुढे धरली.

"फोटो बागेत आहे ना? लाव तूही. मोठी बहीण सांगतेय."

ताईने मुकाट्याने हात पुढे केला.