कमीत कमी किती?

"कमीत कमी किती?" शकीलाबींनी विचारलं.

मी हातच जोडले. "मावशी, रेट फिक्स हाय. घासाघीस नाय."

"भाव कोन पूछ रहा है रे? कमीत कमी किती अँपिअरवर चालते ही?"

अठरा वर्षं मी, बन्सी, जालना रोडवरच्या या दुकानात वेल्डिंगच्या मशिनी विकतोय. गिऱ्हाईक विचारतं, जास्तीत जास्त किती? तीनशे, चारशे ऐकलं की मिशीला पीळ देतं. खालचा आकडा आजवर कोणी विचारलाच नव्हता, आणि मला तो ठाऊकही नव्हता. पण विकणाऱ्यानं असं कबूल करायचं नसतं. "पाहिजे तितकी खाली जाते की," मी ठोकून दिलं.

बाई चिकलठाण्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं आर्गन गॅसच्या वेल्डिंगवर दुधाच्या टाक्या जोडून नुकत्याच रिटायर झालेल्या. शेजारी स्टुलावर लेक अमिना, हर्सूलच्या शाळेत शिक्षिका. वय पस्तीस, उंची चार फुटांच्या आतच. तिचे पाय स्टुलावरून लोंबकळत होते.

"माझ्या मापाची सायकल म्हंजी लेकराचीच मिळते," अमिना म्हणाली. "गुलाबी, पुढं टोपली. पोरं विचारतात, मॅडम, बाजूची चाकं कुठंयत?" ती स्वतःच खळखळून हसली. आई हसली नाही.

"मी बनवणार हाय. मोठ्या मानसाची," शकीलाबी म्हणाल्या आणि ओढणीत बांधलेले नळ्यांचे तुकडे काढले. पत्रा एक मिलिमीटरही जाड नव्हता. "फ्रेमच्या नळ्या लई फिरून मिळाल्या. एकाच सायकलीपुरत्या हायत. मशीन चुकली तर त्या जळतील. ह्या उरलेल्या तुकड्यांत तीन जोड बसतात. तिनात मशीन ठरवायची."

मी रुबाबात चारशेची मोठी मशीन जोडून दिली. त्यांनी मास्क ओढला, मीही ओढला. काटा दहावर होता, पण ठिणगी आली तीच धाडकन. नळीला हे भोक!

"ही तर बोंबलतच येते," त्या म्हणाल्या.

दुसरी शहाण्यासारखी सुरू झाली, पण खाली आणली की फडफडायची, विझायची. दुसराही तुकडा गेला. विकायचं राहिलं बाजूला, ही माय रिकाम्या हाती जाऊ नये असं वाटू लागलं.

कोपऱ्यात एक छोटी मशीन धूळ खात पडली होती. मालक तिला पडेल माल म्हणायचे. हातानं नाही, पायानं करंट कमीजास्त करायची. कोणाला ते झेपत नव्हतं.

शकीलाबींनी चप्पल काढली. अनवाणी पाऊल पॅडलवर ठेवलं. "अम्मीची शिलाई मशीन अशीच होती," एवढंच म्हणाल्या.

काय सांगू! काळ्या काचेतून मला मुगाएवढा उजेड दिसला. पाऊल जरा दबलं की तो फुगायचा, उचललं की निवायचा. आवाज नाही, ठिणगी नाही. नळीच्या कडेकडेनं टाका पडत गेला, एकाला एक लागून. शेवटी उजेड गेला तरी त्यांनी हात हलवला नाही. आर्गन गॅस अजून येत होता, पोळलेल्या बोटावर फुंकर घालावी तसा.

मास्क वर केला. भोक नव्हतं. अठरा वर्षांत मी मशिनी विकल्या. वेल्डिंग त्या दिवशी पाहिलं.

"मावशी," मी म्हणालो, "मघाशी मी खोटं बोललो. मला खालचा आकडा ठाऊकच नव्हता."

"मालूम था," त्या म्हणाल्या. "हीच बांध."

चार महिन्यांनी दुकानासमोर घंटी वाजली. निळी सायकल, टोपली नाही. वर अमिना मॅडम, खांद्याला पर्स.

"बन्सीभाऊ, अम्मीनं विचारलंय, गॅसचा दुसरा सिलिंडर कवा देता?"

माझी नजर खाली गेली. ती ब्रेक दाबून थांबली होती, आणि तिचे दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले होते.