एकाच वर्गात

बाईंनी पडद्यावर पुढचं चित्र लावलं आणि लोसालिने उठून उभी राहिली. चित्र स्त्रीच्या पोटाच्या आतलं होतं, गर्भाशयापासून खालपर्यंत सगळं रंगवलेलं. वही तशीच टाकून ती पुढच्या दाराने बाहेर पडली. त्याच वेळी मागच्या दाराने फेलेतीही बाहेर पडला. व्हरांड्यात दोघं समोरासमोर आले, दोघांनी माना खाली घातल्या आणि दोन दिशांना चालते झाले.

फेलेती तिच्या मावशीचा मुलगा. त्यांच्या टोंगा बेटांवर मावशीचा मुलगा म्हणजे सख्खा भाऊच. वयात आल्यावर बहीण-भाऊ एका छपराखाली झोपत नाहीत, शेजारी बसून सिनेमा बघत नाहीत. अंगाचा, देहाचा विषय तर एकमेकांच्या देखत कानावरही पडता कामा नये. असं असून घरच्यांनी दोघांना ऑकलंडच्या एकाच नर्सिंग कॉलेजात मोठ्या हौसेने धाडलं होतं. परक्या मुलखात बहिणीला भावाचा आधार! नर्सिंग म्हणजे ताप बघायचा नि पट्टी बांधायची, अशी त्यांची समजूत. खरं सांगायचं तर लोसालिनेचीही तीच होती. स्वभावाला औषध नसतं, तसं ते भोळेपणालाही नसतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला बोलावून घेतलं.

"काल बरं वाटत नव्हतं का?"

"भाऊ होता वर्गात."

"मग?"

आता या 'मग'ला काय सांगायचं? लोसालिनेने नखांकडे बघत अडखळत सांगितलं. बाई मनाच्या चांगल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पण तुकडी एकच आहे गं. या विषयाचे तीन तास बुडले की वर्ष गेलं. तुमचा दोघांचा एक बुडालाच. मी तरी काय करू, सांग."

वसतिगृहात झाडलोट करणाऱ्या ओफाकाकू टोंगाच्याच. वीस वर्षं इथे काढूनही त्यांची जीभ मात्र गावातलीच राहिली होती.

"अगं, मुळूमुळू रडतेस काय! तू नुसता शब्द टाक, तो जाईल निघून. बहिणीचा मान वरचा. तुझ्या शब्दाबाहेर आहे का तो?"

"म्हणूनच टाकत नाही. दोनदा परीक्षा देऊन लागलाय तो इथे. मीच नाव काढते म्हणून सांगा त्याला."

"वा गं वा! आणि आईला तोंड काय दाखवशील? आख्ख्या गावाने प्रार्थना करून पाठवलंय तुला."

"सांगाल की नाही, काकू?"

"सांगते बाई. एवढंच राहिलं होतं, तुमच्या चिठ्ठ्या वाहायचं."

संध्याकाळी काकू परत आल्या.

"काय म्हणाला?"

"काही नाही. तुला इथलं जेवण जातं का, एवढं विचारलं."

शुक्रवारी सकाळी लोसालिने अर्ज घेऊन कचेरीत गेली. खिडकीतल्या माणसाने अर्जावरचं तिचं गाव वाचलं नि म्हणाला, "तुमचा भाऊ कालच नाव काढून गेला. सुतारकामाच्या वर्गाला बसतोय तो सोमवारपासून. आता तुम्हीही?"

लोसालिनेला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याचीच तिला लाज वाटली. तिने अर्ज परत घेतला. वर्गापर्यंतच्या जिन्यावर तिला दोनदा थांबावं लागलं. आत गेल्यावर बाईंनी पुन्हा तेच चित्र लावलं. या वेळी तिने प्रत्येक नाव वहीत उतरवून घेतलं.

रविवारी चर्चनंतर गावाहून मावशीचा फोन आला.

"फेलेतीने नर्सिंग सोडलं, कळलं ना? रक्त बघून भोवळ येते म्हणाला. इकडे चर्चमध्ये सगळे हसले त्याला. एवढा धिप्पाड गडी नि रक्ताला भितो, म्हणून."

"मावशी, अगं तो..."

"तू जेवतेस ना वेळेवर?" मावशीने तिला पुढे बोलूच दिलं नाही. "आणि तास बुडवू नकोस हो आता."

"नाही बुडवणार."

मावशीने फोन ठेवला. गावात लग्न असो की मयत, डुकरं कापायला फेलेतीलाच बोलावणं यायचं, आणि त्याचे रक्ताने भरलेले सदरे इतकी वर्षं तीच धूत आली होती.